वळणावरचे भाऊजी

“काका, कोपर अजून थोडं वर. एवढं नाही. त्याचं कसं असायचं, सलाम करता करता विसरल्यासारखं, तसं.”

शिपाई मुलीने हवालदाराचा उजवा हात धरून हवेत ठेवला, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं आणि पुन्हा पुढे येऊन त्याची टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. काळा गॉगल होताच. नाकातोंडावर धुळीचा मास्क आणि हातांत पांढरे मोजे. उघडं राहिलं ते गालाचं एक बोट आणि मोजा संपून बाही सुरू होते तिथलं मनगट.

“आता अजिबात हलायचं नाही.”

“सगळी नोकरी न हलताच काढली आहे,” हवालदार मास्कच्या आतून म्हणाला.

मुलगी हसली, पण अर्धंच. दोघांची नजर एकदमच खाली गेली होती. हवालदाराच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, कडेच्या खडीत, टायरचा एक लांब चरा उमटलेला होता. तो कालचा होता. काल या जागी पुतळा उभा होता.

“तुम्हाला ती काळी गाडी दिसली की लगेच बाजूला व्हा हं काका,” ती म्हणाली आणि मागच्या बंद गोदामाच्या भिंतीआड गेली. वेग मोजायचं यंत्र तिथे तिपाईवर लावलेलं होतं. भिंतीतली एक वीट निखळली होती, त्या भोकातून यंत्राचा डोळा तेवढा रस्त्यावर रोखलेला होता. खाली, जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथे झाडाखाली साहेब आपल्या खासगी गाडीत दुर्बीण घेऊन बसले होते. म्हणजे सगळे लपलेले होते. उघड्यावर एकटा हवालदार होता, आणि तो तिथे नाही असं सगळ्यांनी समजायचं होतं.

रस्ता वरच्या टेकाडावरून सुटतो तो थेट उतरतच येतो. उताराला लागलेल्या माणसाला आपण किती वेगात आहोत हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा गोदामाचं वळण समोर आलेलं असतं. वळणापलीकडे दवाखाना, शाळा, बसथांबा. माणसं तिथे रस्ता ओलांडतात, म्हणजे जीव मुठीत धरून पळतात.

या वळणावर पोलिसांनी काय करावं याबद्दल साहेबांचं मत पक्कं होतं. पोलीस दिसला की लोकांचा पाय ब्रेकवर जातो आणि पोलीस मागे पडला की पुन्हा जैसे थे. मग दिसायचंच कशाला? चोराला निरोप पाठवून कोणी धरायला जात नाही. हवालदाराचंही एक मत होतं, पण मत असणं आणि ते साहेबांपुढे मांडणं यांत फार अंतर असतं. त्याला वाटे, वळणावर गाडी हळू झाली ना, मग झालं की काम. आडोशातून एकदम समोर आलेला पोलीस पाहून एक मोटरसायकलवाला त्याच्या डोळ्यांदेखत नाल्यात गेला होता. वाचला बिचारा, पण तेव्हापासून हवालदाराने आडोशाचा धसका घेतला तो घेतलाच.

म्हणून त्याने पुतळा आणला. कापडाचं एक दुकान बंद होत होतं, तिथल्या काचेतला हा देखणा गडी मालकाने फुकटात देऊन टाकला. गाल गुलाबी, नाक तरतरीत, एक हात कायम वर. हवालदाराच्या बायकोने नवऱ्याची जुनी वर्दी उसवून, आवळून त्याला घातली, गुलाबी गाल झाकायला गॉगल आणि मास्क दिला, आणि लांब उभी राहून म्हणाली, “वर्दी तुमची, उंची तुमची, दिसायला तुमच्यापेक्षा बरा आणि वयाने लहान. म्हणजे माझे दीरच की हे!”

तेव्हापासून ते भाऊजी झाले. बायको खालच्या दवाखान्यात नर्स होती. ड्युटी संपवून वर घरी जाताना ती वळणावर स्कूटर थांबवी, रस्ता ओलांडून भाऊजींच्या खांद्यावरची धूळ झटकी, दोन शब्द बोले आणि जाई. “वहिनी आज भाऊजींना भाजीचे भाव सांगत होत्या,” असं शिपाई मुलगी हवालदाराला येऊन सांगे. त्यालाही गंमत वाटे. घरात ती एवढी बोलत नसे.

भाऊजींनी काम चोख केलं. वरून येणारी प्रत्येक गाडी त्यांना पाहून दबकत खाली येऊ लागली. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मामा लाकडाचा आहे, प्लास्टिकचा आहे, असं लोकांत पसरलं. पोरं त्याला टाटा करू लागली. आणि मग ती काळी गाडी आली. पहिल्यांदा तिने नुसती टोपी उडवली. नंतर एकदा खिडकीतून काठी बाहेर आली आणि भाऊजींचा उजवा हात खांद्यातून निखळला, कोपरात मोडला आणि नाल्यात पडला.

तो हात हवालदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोने त्याला गोंद लावला, दवाखान्यातली पट्टी घट्ट आवळली आणि गोंद वाळेपर्यंत दोन्ही हातांनी तो हात दाबून बसून राहिली.

“या जागी तुम्ही असता तर?”

“मी कशाला असेन?”

“नाही, पण असता तर?”

“नव्हतो ना. पुतळा आणला तो याचसाठी.”

“आणि पुढे? कधी उभे राहणार नाही ना तिथे असे?”

“नाही गं बाई.”

गोंद वाळून गेल्यावरही तिने तो हात बराच वेळ सोडला नव्हता.

काल त्या गाडीने भाऊजींचे कमरेतून दोन तुकडे केले. आता ते चौकीच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून होते, आणि घरी हे सांगायचं कसं याचा विचार हवालदार करत होता, तेवढ्यात साहेब म्हणाले होते, “पुतळा मोडला म्हणून काय झालं? तुम्ही आहात की.”

हवालदाराला आधी ती थट्टा वाटली. साहेब थट्टा करत नसत हे त्याला जरा उशिरा आठवलं.

“मी उभा राहतो साहेब. पण माझा मी. शिट्टी घेऊन, हात दाखवत.”

“मग तो हळू जाईल.”

“हो ना साहेब.”

“मला तो वेगात हवा आहे.” साहेबांनी समजावून सांगितलं. गाडीच्या नंबरावर चिखल थापलेला असतो. पुढे फाटे फुटतात, त्यामुळे अडवायचं कुठे हा प्रश्न. यंत्र वेग सांगेल, पण माणूस कोण ते सांगणार नाही. “पुतळ्याला काही दिसत नाही. तुम्हाला दिसेल. चेहरा बघून ठेवा आणि वेळेवर बाजूला व्हा.”

वेळेवर बाजूला व्हा, हे त्यांनी, जाताना छत्री न्या, अशा सुरात सांगितलं. हवालदाराच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. उभ्या जन्मात साहेब लोकांना न म्हटलेलं ते ‘नाही’, अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण साहेबांनी शिपाई मुलीकडे पाहिलं.

“तुम्हाला जमत नसेल तर ही उभी राहील. उंची साधारण तीच आहे.”

मुलगी खुर्चीवरून उठून ताठ उभी राहिली. हवालदाराची लेक परगावी शिकत होती, ती हिच्याच वयाची होती.

“जमेल साहेब,” हवालदार म्हणाला.

निघताना साहेबांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. पुतळ्याला शिट्टी नसते.

तर आता तो उभा होता. ऊन चांगलंच होतं, वर्दी पाठीला चिकटली होती, तरी हातपाय मात्र गार पडले होते. भीती ही अशी चीज आहे की ती एकदम येत नाही. बूट घालताना थोडी, टोपी घालताना थोडी, असं करत करत ती अंगात भरते आणि मग तिला बाहेर जायला वाट राहत नाही. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. टेकाडावर टप दिसायचा, मग काच, मग ती काच मोठी होत होत थेट त्याच्याकडेच यायची, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याकडेच, आणि मग वळण घेऊन वाऱ्याचा एक फटका मारून निघून जायची. टोपी हलायची. खडीतला एखादा दगड उडून नडगीवर बसायचा. तो हलायचा नाही, आणि हे शौर्य नव्हतं. पाय रोवून उभं राहणं वेगळं आणि पाय उचलता न येणं वेगळं. हवालदाराला त्यातला फरक बरोबर कळत होता.

बाजूला व्हा म्हणे! बाजूला व्हायला पाय आपले असावे लागतात.

बसथांब्याकडे जाणाऱ्या दोन बायका समोरून गेल्या. एक दुसरीला म्हणाली, “अगं, मामाला पोट सुटलंय की! पुतळे पण जाड होतात का?” दुसरी हसत सुटली. एरवी हवालदारही हसला असता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आणि मग खालून ओळखीचा आवाज आला. ती निळी स्कूटर तो झोपेतही ओळखू शकला असता. तिचा डावा आरसा गेल्या वर्षी तुटला होता आणि तो बसवून आणायचं हवालदाराने इतक्यांदा कबूल केलं होतं की आता बायकोने विचारणंच सोडलं होतं. एकाच आरशाची ती स्कूटर समोरच्या कडेला थांबली. बायकोने दोन्हीकडे पाहिलं आणि पळत रस्ता ओलांडला.

जा, जा घरी, हवालदार मनात म्हणाला. आज नको थांबू. वरून केव्हाही ती गाडी येईल. पण तोंडातून शब्द कसा काढणार? खाली साहेबांची दुर्बीण, मागे भिंतीतलं भोक. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही मोठी अडचण वेगळी होती. टेबलावर बसून दिलेला शब्द त्याने मोडला होता, आणि ते तिला भर रस्त्यात, मास्कच्या आतून सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

“काय भाऊजी, हात बरा आहे ना?”

तिने सवयीने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. हवालदाराने श्वास रोखला.

“आज फार दमले. दुपारी एकाला आणलं, मोटरसायकलवरून पडलेला. वाचेल.” ती जरा थांबली. तिचा आवाज खाली गेला. “एक सांगू भाऊजी? यांना नाही सांगितलेलं कधी. दवाखान्याच्या दारात गाडी अशी करकचून थांबली ना, की मी माणसाचं तोंड बघत नाही. आधी बूट बघते. बूट पोलिसांचे नाहीत असं दिसलं की मग माझे पाय हलतात, मग मी धावते. आणि मग मला माझीच लाज वाटते. कोणाचा तरी असतोच ना तो.”

एक ट्रक घरघरत गेला. त्याच्या वाऱ्याने तिची ओढणी उडाली, ती तिने तोंडाशी धरली.

“म्हणून म्हणते, तुम्ही उभे राहा. तुम्ही आहात तोवर इथे ते नाहीत.”

ती निघेल असं त्याला वाटलं. पण तिला पट्टी आठवली असावी. तिने त्याचं कोपर चाचपलं, तिथून तिची बोटं बाहीवरून पुढे सरकली आणि मोजा नि बाही यांच्यामधल्या उघड्या जागेवर, मनगटावर येऊन थांबली. तीन बोटं. हवालदाराला स्वतःलाच जाणवलं की आपला हात गारढोण पडला आहे, बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखा. बोटं तिथेच राहिली. गॉगलच्या काचेतून त्याला तिचा चेहरा दिसत होता, पण त्यावर काय आहे ते त्याला वाचता आलं नाही. तिची नजर खाली गेली. टायरच्या त्या चऱ्याकडे, असं त्याला वाटलं. मग तिने गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं, खाली झाडाकडे पाहिलं.

“गारच आहात,” ती म्हणाली.

तिने हात सोडला, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाचा सोडावा तसा. “येते भाऊजी,” म्हणाली, रस्ता ओलांडला, आणि निळी स्कूटर चढ चढून टेकाडामागे दिसेनाशी झाली.

हवालदाराच्या जिवात जीव आला. सुटलो. गेली घरी. पण त्या सुटकेच्या पाठोपाठच त्याला भडभडून आलं. तिने हात लावून पाहिला होता, आणि त्याच्या अंगाने, त्याच्याच अंगाने, तिला फसवायला साथ दिली होती. भीतीने माणूस इतका गार पडतो की त्याच्या लग्नाच्या बायकोलाही तो प्लास्टिकचा वाटतो. गॉगलच्या आत पाणी साचलं आणि पुसायची सोय नव्हती.

त्यानंतर काहीतरी बिघडलं. पुढची गाडी आली ती हळू आली. तिच्या मागचा टेम्पोसुद्धा हळूच. मग एक मोटरसायकल अशी आली की जणू मागे कोणी अंड्यांची टोपली धरून बसलंय. वर अपघात झाला की काय? बायको त्याच बाजूला गेली होती. बघायचं होतं, धावत वर जायचं होतं, आणि तो पुतळा होता.

त्याच वेळी टेकाडापलीकडे तो आवाज आला. काळ्या गाडीचा आवाज या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होता. घसा खाकरत ओरडल्यासारखा. तो वाढत वाढत माथ्यापर्यंत आला. हवालदाराने डोळे मिटले. चेहरा बघा, असं साहेब म्हणाले होते, पण मिटले ते मिटलेच. लेकीचं लहानपणीचं काहीतरी आठवावं असं त्याला वाटलं, आणि आठवला तो आरसा, न बसवलेला.

आवाज एकाएकी खाली बसला.

त्याने डोळे उघडले. काळी गाडी उतारावरून येत होती, पण बैलगाडीच्या चालीने. ती त्याच्यासमोरून गेली तेव्हा हात लांबवला असता तर तिच्या काचेला लागला असता. आत चष्मा लावलेला, टक्कल पडू लागलेला एक माणूस होता. एखाद्या कचेरीत बसणारा असेल, एखाद्याचा बाप असेल. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो मान न वळवता समोर बघत होता. कपाळ घामाने डबडबलं होतं. मागच्या सीटवर काठी पडलेली होती. हवालदाराच्या लक्षात आलं की हा माणूस घाबरलेला आहे, आपल्याइतकाच घाबरलेला आहे. त्याने ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून आवाज फुटला नाही. तो फुटेपर्यंत गाडी शाळेपुढे थांबून, चार माणसांना रस्ता ओलांडू देऊन, फाट्याला वळून गेलेली होती.

साहेब खालून वळणावर आले तेव्हा लाल झाले होते.

“तीच होती साहेब,” हवालदार मास्क खाली ओढून म्हणाला. “नंबरावर चिखल होता. मागे काठी होती.”

“काठी ठेवणं गुन्हा नाही. चिखल पावसाने पण उडतो. वेग किती?”

“मर्यादेच्या आत,” शिपाई मुलगी यंत्राकडे पाहत म्हणाली. “मघापासून सगळ्याच आत आहेत साहेब.”

साहेबांनी एक दुधाची गाडी हात करून थांबवली. तिच्या चालकाला काही विचारायच्या आधीच तो दिलखुलास हसला. “हळूच आहे साहेब, हळूच आहे! वर एक ताई उभ्या आहेत ना. येईल त्या गाडीला लाईट मारतात, उघडझाप, उघडझाप. म्हणजे पुढे मामा असणार, हे काय कळत नाही होय?”

“कसली ताई?”

“तोंडाला ओढणी होती. निळी स्कूटर. एकाच आरशाची. त्यावरनं लक्षात राहिली.”

दुपारभर हवालदार भीत होता ते काहीच नव्हतं असं त्याला त्या क्षणी वाटलं. त्याने शिपाई मुलीकडे पाहायचं टाळलं.

“सरकारी कामात अडथळा आहे हा,” साहेब म्हणाले. “तुम्ही दोघं वर जा. सापडली तर आणा, नाही तर उद्यापासून शोधा. एका आरशाच्या निळ्या स्कूटरी गावात अशा किती असणार?”

मुलीने सरकारी मोटरसायकल काढली, हवालदार मागे बसला. टेकाडाच्या माथ्यावर कोणी नव्हतं. कडेच्या मातीत स्कूटरच्या स्टँडचा ठसा होता आणि त्याभोवती चपलांच्या खुणा, एकाच जागी किती तरी वेळ चुळबुळत उभं राहिल्यासारख्या. मुलीने खाली वाकून पाहिलं. हवालदार आभाळाकडे बघत राहिला.

“घर पुढेच आहे ना तुमचं? सोडते, काका.”

“नको, जाईन चालत.”

“दुपारभर उभेच होतात. बसा.”

घराच्या फाटकाशी निळी स्कूटर उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. मोटरसायकल पुरती थांबायच्या आतच हवालदार उतरला आणि स्कूटरच्या पुढ्यात, डाव्या अंगाला, आरसा नव्हता त्या बाजूला जाऊन उभा राहिला. हात मागे नेला तो हेडलाइटवर पडला. अजून लख्ख उजेड होता, दिवा लावायची वेळ झालेली नव्हती. तरीही काच गरम होती, नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी. त्याने हात काढला नाही. तो तसाच उभा राहिला, श्वास रोखून, पापणीही न हलवता.

“काका,” मुलगी म्हणाली, “अहो, पुतळ्याची ड्युटी संपली.”

तो हलला नाही. तिने मोटरसायकल वळवून घेतली, मग काहीतरी आठवल्यासारखं करून खिशात हात घातला आणि शिट्टी काढून त्याच्यापुढे धरली.

“साहेबांनी ड्रॉवरमध्ये ठेव म्हणून सांगितली होती. मी नाही ठेवली. उद्या लागेल तुम्हाला.”

त्याने डाव्या हाताने शिट्टी घेतली. उजवा काचेवरच होता.

“आणि तो आरसा बसवून घ्या,” मुलगी म्हणाली. “आज दुकान उघडं असेल.” मग तिने मागे न पाहता गाडी उताराला घातली, हळू.

आत बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. अंगावर अजून दवाखान्याचेच कपडे होते, ओढणी खुर्चीवर टाकलेली, चहाचं पातेलं नुकतंच चढवलेलं. हवालदाराने टोपी काढली. मग त्याने शिट्टी टेबलावर ठेवली, भाऊजींचा हात जिथे चिकटवला होता तिथेच.

“उद्या ही घेऊन उभा राहणार आहे,” तो म्हणाला. “माझा मी. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.”

तिने वळून शिट्टीकडे पाहिलं. मग त्याच्या बुटांकडे पाहिलं. कमरेच्या फडक्याला हात पुसले, पुढे येऊन त्याचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. अशा वेळी बोलायचं नसतं हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक झालं होतं. मागे चहा उकळून पातेल्याच्या काठाशी आला, वर चढला आणि शेगडीवर उतू गेला.

“मघापेक्षा बरी आहे,” ती म्हणाली, आणि तिने बोटं तिथेच राहू दिली.